भाड्याचे घर आणि जुनी भीती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घर भाड्याने देणारा माणूस शोधायला गेलात तर मोठा भांडवलदार क्वचितच भेटेल. भेटेल तो निवृत्त शिक्षक, लष्करातून सुभेदार होऊन परतलेला जवान, मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून उभा जन्म काढलेला पाटण-जावळीकडचा माणूस, किंवा खानापूर-आटपाडीतून सोने-चांदी गाळायला परराज्यात गेलेला गलाई व्यावसायिक. तासगावचा द्राक्ष बागायतदार एखादा हंगाम चांगला गेला की विश्रामबागेत फ्लॅट घेतो, तोही याच रांगेतला. ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शनची विकलेली रक्कम असा पैसा आयुष्यात एकदाच हातात येतो आणि तो घरात घालावा असे सगळ्यांच्या मते ठरते. वरचा मजला चढवायचा, नाहीतर गावाबाहेरच्या नव्या इमारतीत वन बीएचके घ्यायचा, आणि महिन्याचे भाडे औषधपाण्याला लावायचे.

या निवडीला कारण आहे. ठेवी बुडाल्याचे दुःख या भागाने जवळून पाहिले आहे. सांगलीची वसंतदादा शेतकरी सहकारी बँक बंद पडली. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. ठेवींवरचे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पर्यंत फक्त १ लाखाचे होते, तेव्हा ते ५ लाख झाले. ज्याच्या शेजाऱ्याची पुंजी अशी अडकली, त्याला डोळ्यांना दिसणारी भिंत पासबुकातल्या आकड्यापेक्षा खरी वाटली तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

हा आढावा अशा छोट्या घरमालकासाठी आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती भाडेकरूची. प्रत्यक्षात त्याचे पैसे जातात ते मात्र चढ्या किमतीत घेतलेल्या घरात, रिकाम्या गेलेल्या महिन्यांत, पुराच्या पाण्यात आणि न नोंदवलेल्या करारात. भाडेकरूची भीती पन्नास वर्षांपूर्वी खरी होती. कायदा बदलला तरी ती घराघरांत तशीच राहिली आहे.

आधी हिशेब पाहू, कारण तोच सहसा केला जात नाही. समजा, ३५ लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिन्याला ९ हजार भाडे आले. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. वर्षातून एक महिना घर रिकामे राहते, ते ९ हजार गेले. सोसायटीचा देखभाल खर्च महिन्याला हजार धरला तर १२ हजार, घरपट्टी ५ हजार, रंग-नळ-मोटार-गळती असे किरकोळ ८ हजार. हातात राहिले ७४ हजार, म्हणजे गुंतवणुकीवर जेमतेम २.१ टक्के. खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांचे दोन-अडीच लाख यात धरलेलेच नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के राहिलेला आहे आणि तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. निवृत्त माणसाने फ्लॅट घेण्याआधी हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट घेणाऱ्याची स्थिती याहून कठीण. २८ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत धरली तर हप्ता साधारण २४,३०० रुपये बसतो. भाडे ९ हजार. उरलेले १५ हजार दर महिन्याला पगारातून घालायचे आणि ‘भाड्यात हप्ता फिटतो’ असे म्हणत राहायचे, हे अनेक नोकरदार घरांत चालले आहे. भाव वाढेल या आशेवर हा तोटा सोसला जातो. पण वाढतो तो जमिनीचा भाव. इमारत जुनी होत जाते, आणि तीन-चार मजली इमारतीत एका फ्लॅटच्या वाट्याला जमीन थोडीच येते. विकताना भांडवली नफ्यावरचा कर लागतो तो वेगळाच. २३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के असा त्याचा नवा दर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घरांसाठी निर्देशांकासह २० टक्के हा जुना पर्यायही रहिवासी व्यक्तींना खुला ठेवलेला आहे.

याउलट, ज्याचे स्वतःचे बैठे घर आहे आणि पाया-कॉलम भक्कम आहेत, त्याने नगरपालिकेची परवानगी घेऊन वर दोन खोल्या चढवल्या तर गणित पार बदलते. बांधकामाला ९ लाख लागले आणि सहा हजार भाडे आले, तर खर्च वजा जाता वर्षाला ६० हजार उरतात, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर. जमिनीला नव्याने पैसे द्यावे लागत नाहीत, मालक खालीच राहत असल्याने देखरेखीला माणूस नेमावा लागत नाही, आणि पुढे मुलगा-सून परत आले तर जागा घरचीच. साताऱ्याच्या करंजे, गोडोली, शाहूपुरीसारख्या भागांत छोट्या मालकाचा शहाणपणाचा व्यवहार हाच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त वरचा मजला पेलेल का, हे गवंड्याच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याकडून लेखी घ्यावे.

आता त्या भीतीकडे वळू. ती आली १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातून. युद्धकाळात घरांची टंचाई झाली तेव्हा भाडी गोठवली गेली आणि १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले गेले. तात्पुरती म्हणून आलेली ही तरतूद मुदतवाढी घेत पन्नास वर्षे टिकली. पेठांमधल्या वाड्यांत पंधरा-वीस रुपयांत तीन पिढ्या राहिल्या आणि मालकाला कौले बदलायलाही ते भाडे पुरेना. १९ डिसेंबर १९९७ रोजी ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता अवाजवी आणि मनमानी झाल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्यात कायम राहिले, दरसाल ४ टक्के वाढीची मुभा मिळाली, आणि नव्याने घर देणाऱ्यासाठी एक वेगळा, मोकळा रस्ता तयार झाला. अजूनही अनेकांना ठाऊक नाही तो हा रस्ता.

तो रस्ता लिव्ह अँड लायसन्सचा. घर राहण्यासाठी परवान्याने दिले, करार लेखी केला आणि नोंदवला, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे प्राधिकारी दिवाणी न्यायालयापासून स्वतंत्र आहेत. करारात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा म्हणून तो करारच चालतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस माणूस घर अडवून बसेल तितक्या दिवसांची दुप्पट शुल्काने भरपाई त्याच्याकडून मिळू शकते. गरज, पोटभाडेकरू, थकबाकी अशी कारणे सिद्ध करण्याची लांबलचक वाट इथे चालावी लागत नाही. अर्ज केल्याच्या दुसऱ्या महिन्यात घर रिकामे होते असे मी म्हणणार नाही. नोटीस बजावणी, तारखा आणि पुनरीक्षण यांत वेळ जातो. पण तो वेळ जुन्या कुळाच्या दाव्यात जाणाऱ्या वर्षांसारखा नाही.

अट एकच: कागद नोंदवलेला हवा. आणि इथेच बहुतेकांची चूक होते. स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि फाइलला लावायचा, हीच रीत सर्वत्र आहे. अकरा महिने कशासाठी? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे, म्हणून वर्षाला एक महिना कमी धरला गेला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ आहे. त्यानुसार करार अकरा महिन्यांचा असो वा पाच महिन्यांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून गंभीर परिणाम पुढचा. नोंदलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर घेतले याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हजार रुपये वाचवणारा मालक स्वतःची बाजू अशी आपल्याच हाताने सोडून देतो.

नोंदणीला खर्च किती? मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर पाव टक्का आहे. ९ हजार भाडे, २५ हजार डिपॉझिट, अकरा महिने असे धरले तर ते अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी शहरी हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे, आणि वर थोडा हाताळणी खर्च. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर हे काम घरबसल्या होते. दुय्यम निबंधकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. दोघांनी मिळून हा खर्च अर्धा अर्धा वाटून घ्यावा. भाडेकरूलाही या कागदाचा उपयोग आहे: मुलांच्या शाळेला, गॅस जोडणीला, पगारातल्या घरभाड्याच्या सवलतीला तोच लागतो. सोबत पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते. तीही महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरता येते.

सैनिकांच्या या मुलखात आणखी एक कलम प्रत्येकाला माहीत हवे. अपशिंग्यासारख्या गावातून घरटी माणूस सैन्यात जातो. नोकरी देशाच्या टोकाला असते आणि साताऱ्यातले घर कोणाकडे तरी भाड्याने असते. अशा जवानाला, निवृत्त सैनिकाला किंवा त्याच्या वारसाला स्वतः राहण्यासाठी घर हवे असेल तर कलम २३ खाली तो थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. सेवेतल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. वर्षानुवर्षे दिवाणी कोर्टात खेटे घालणाऱ्या किती कुटुंबांना वकिलाने हे सांगितले असेल, याची मला शंका वाटते. माजी सैनिक संघटनांनी आपल्या मेळाव्यांत पेन्शनच्या प्रश्नांसोबत हे कलमही समजावून सांगावे.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढला पाहिजे. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते’ असे अजूनही पारावर ठामपणे सांगितले जाते. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे बळकावलेल्या ताब्यासाठी आहे. मालकाच्या संमतीने भाडे देऊन राहणाऱ्याला तो लागू होत नाही, आणि भाडेकरू असताना मालकाची मालकी नाकारण्याची मुभाही कायदा त्याला देत नाही. या एका गैरसमजापायी किती घरांना कुलपे आहेत! २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा होता. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत आणि साताऱ्यातला बंगला वर्षभर बंद, हे चित्र या आकड्यातलेच आहे. बंद घराची घरपट्टी चुकत नाही आणि ओलही थांबत नाही.

कायदा मालकाच्या बाजूला थोडा झुकला म्हणजे त्याला काहीही करता येते असे नाही. भाडे थकले म्हणून पाणी तोडणे, वीज बंद करणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. आणि कलम २४ चा सोपा मार्ग फक्त राहण्याच्या जागेला आहे, दुकानाला नाही. गाळ्याचा परवानाधारक मुदतीनंतर उठला नाही तर मालकाला दिवाणी न्यायालयातच जावे लागते. म्हणून गाळा देताना करार आणखी काळजीने लिहावा, अनामत रक्कम मोठी घ्यावी. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहण्याच्या जागेला दोन महिन्यांच्या आणि इतर जागेला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवलेले होते, आणि महाराष्ट्रात व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालतो.

जुन्या वाड्यांच्या मालकांचे दुखणे वेगळे आहे आणि त्याला झटपट औषध नाही. साताऱ्याच्या पेठांत, सांगलीच्या गावभागात-खणभागात अशी घरे आहेत, जिथे मालकही गरीब आणि कूळही गरीब. पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवते, दोघेही ती वाचतात आणि दोघेही तिथेच राहतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्र मिळते. पण तीन-चार गुंठ्यांच्या अरुंद वाड्यात बिल्डर सहज यायला तयार होत नाही. शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी एकत्र प्रस्ताव केला तर काही जमते. भावाभावांतल्या वाटण्या, सात-बारा आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरची दहा-पंधरा नावे आधी मार्गी लावणे, हेच तिथले पहिले काम.

मागणी कुठे आहे? दोन्ही जिल्ह्यांत घर मागणारा प्रामुख्याने विद्यार्थी, रुग्णालयातला कर्मचारी आणि औद्योगिक वसाहतीतला कामगार. कराडजवळचे विद्यानगर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इतर शिक्षणसंस्थांवर उभे आहे, तर मलकापूरच्या खोल्या कृष्णा वैद्यकीय संस्थेवर. सांगलीत विश्रामबागेला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आणि १९१९ पासूनच्या विलिंग्डन महाविद्यालयाचा आधार आहे. मिरजेत १८९४ पासूनचे वानलेस रुग्णालय, १९६२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती वाढलेली खासगी रुग्णालये आहेत. कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक, शिकाऊ डॉक्टर, परिचारिका असा वर्षभर हलता राबता तिथे असतो. कुपवाड आणि सातारा एमआयडीसीच्या आसपास दहा बाय दहाच्या खोल्यांची रांगच परप्रांतीय कामगारांसाठी बांधलेली असते. साताऱ्यात २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने शहरात एक नवा भाडेकरू आला.

विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर खोली दिली तर कुटुंबापेक्षा जास्त भाडे मिळते हे खरे. तीन मुलांनी अडीच हजारांप्रमाणे दिले तर साडेसात हजार होतात, तीच जागा कुटुंब सहा हजारांत घेते. पण विद्यार्थ्यांचे वर्ष जूनला सुरू होऊन मेला संपते, दर वर्षी नवी मुले शोधावी लागतात, पाणी आणि वीज जास्त लागते. मार्च २०२० मध्ये या व्यवहाराचा धोका सगळ्यांना कळला. मुले गावी गेली ती महिनोन् महिने आलीच नाहीत. केंद्राने २९ मार्चला कामगार आणि विद्यार्थ्यांकडून महिनाभर भाडे मागू नये असा आदेश काढला, आणि राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या सूचना दिल्या. ज्यांनी कर्ज काढून वसतिगृहे बांधली होती, त्यांचे हप्ते मात्र पुढे व्याजासह उभे राहिले. एकाच प्रकारच्या भाडेकरूवर सगळी जागा टाकू नये, हा त्या वर्षाचा धडा आहे. चार खोल्या असतील तर दोन मुलांना, दोन नोकरदार कुटुंबांना द्याव्यात, आणि सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम कायम बाजूला ठेवावी.

सांगलीचा मालक असेल तर त्याला भाड्याआधी पाण्याचा विचार करावा लागतो. १९२९ च्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावे तेव्हापासून घर बघायला आलेला प्रत्येक भाडेकरू आधी उच्चारतो. या पट्ट्यात तळमजल्याचे भाडे पडते, वरच्या मजल्यावर माणूस टिकतो, आणि पूर ओसरल्यावर गाळ काढणे, वायरिंग बदलणे, रंग देणे हा खर्च वर्षाचे भाडे गिळून टाकतो.

म्हणून सांगलीत, आणि कोयना-कृष्णेच्या संगमावरच्या कराडातही, घर घेण्याआधी जलसंपदा विभागाच्या पूररेषेचा नकाशा पाहिलाच पाहिजे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, दोहोंच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. एजंट सांगतो की ‘इथे पाणी आले नव्हते’. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवरची ओलीची रेघ त्यापेक्षा खरे सांगते. ज्याचे घर आधीच या पट्ट्यात आहे त्याने तळमजला पार्किंग किंवा गोदामासाठी ठेवून मीटर, स्विचबोर्ड, पाण्याची मोटार वर न्यावी. आणि विमा घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पुराचे नुकसान येते. हप्ता फार नसतो. भाडेकरूच्या सामानाला मात्र ती लागू नाही, हे त्याला करारावेळीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढे वाद होत नाही.

पाण्यानंतर जमीन. सांगली-कुपवाडचा मोठा भाग गुंठेवारीतून वसला. शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडले, कामगाराने नोटरीवर गुंठा-दीड गुंठा घेतला आणि घर बांधले. २००१ चा गुंठेवारी कायदा या घरांना नियमित करण्यासाठीच आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसलेले घर स्वस्त मिळते, भाडेही तितकेच येते, म्हणून आकड्यांत ते फायद्याचे दिसते. पण त्यावर बँक कर्ज देत नाही, विकताना गिऱ्हाईक निम्मे होते. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय अशा घरात निवृत्तीचा पैसा घालू नये. छोट्या शहरांत आणखी एक गोष्ट घडते. आठपेक्षा जास्त सदनिका नसलेल्या किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या इमारतींना महारेराची नोंदणी लागत नाही, आणि साताऱ्यातल्या बऱ्याच इमारती त्याच आकाराच्या असतात. तिथे भोगवटा प्रमाणपत्र मागून घेणे, हाच ग्राहकाचा आधार. महाबळेश्वर-पाचगणीकडे भाड्याने देण्यासाठी बंगला घेणाऱ्यांनी तर तो भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे हे आधी लक्षात घ्यावे. तिथली बांधकामावरची बंधने जाहिरातीत लिहिलेली नसतात.

कराबद्दल थोडक्यात. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेवर दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च खरेच केला की नाही हे कोणी विचारत नाही. कर्जाचे व्याजही वजा होते. पण नव्या करप्रणालीत त्यातून निघालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही, म्हणजे कर वाचवण्यासाठी कर्ज काढून फ्लॅट घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. परदेशातल्या मुलाच्या नावावरचे घर भाड्याने दिले असेल तर भाडे कितीही कमी असले तरी त्यातून ३० टक्के आणि वर उपकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि नोटीस आल्यावर संबंध बिघडतात. गाळ्याच्या मालकाला एक दिलासा आहे: तो जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू व्यापारी नोंदलेला असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून कर व्यापाऱ्याने भरायचा असतो.

राहता राहिला भाडेकरू. जात विचारून, धर्म विचारून, ‘नॉनव्हेज खाता का’ विचारून घर नाकारणे दोन्ही जिल्ह्यांत सर्रास चालते. एकट्या मुलीला, विधवा बाईला, परप्रांतीय कामगाराला दारातूनच परत पाठवले जाते. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली, तिथे हे चालावे याचे मला फार वाईट वाटते. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते चुकीचे आहे. घर मागणारे दहा असतील आणि त्यातले सहा दारातच गाळले, तर रिकामे महिने वाढणारच. विचारायचे ते एवढेच: नोकरी किंवा शिक्षण कुठे, आधीच्या मालकाचा अनुभव काय, भाडे बँकेतून देणार का. माझ्या पाहण्यातले समाधानी मालक हे चांगल्या भाडेकरूकडून बाजारापेक्षा पाचशे-हजार कमी घेतात, नळ गळतोय म्हटले की दोन दिवसांत प्लंबर पाठवतात, विजेचा मीटर वेगळा ठेवतात, आणि एकच कुटुंब पाच-सहा वर्षे टिकवतात. दर नव्या भाडेकरूमागे रंग, एजंट आणि एक रिकामा महिना असा जो खर्च होतो, तो त्या पाचशे रुपयांपेक्षा जास्त असतो.

जूनमध्ये कॉलेजे उघडतील आणि विद्यानगर, विश्रामबाग, मिरज, सातारा इथे खोल्यांसाठी पुन्हा फेऱ्या सुरू होतील. ज्यांच्या घराला नुसत्या भीतीपोटी कुलूप आहे त्यांना माझी विनंती आहे. ते काढा, करार नोंदवा, आणि मूळ प्रत भाडेकरूलाही द्या.